आमच्या घरातून पन्नी बाहेर जात नाही

नातीच्या श्वासाचा आवाज बदलला हे घरात सगळ्यांत आधी मला कळलं, आणि खरं काय ते बोलायला मी सगळ्यांत शेवटी तयार झालो. मधले दिवस मी काय करत होतो ते लिहायला बसलोय.  बायको म्हणेल, लिहून काय होते? तिचं बरोबर आहे. तरी लिहितो.

मी नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट गोदामात एकतीस वर्षं बिल्टी क्लार्क होतो. कुठल्या ट्रकमधून कुणाचा माल कुठे चालला, त्याची बिल्टी, म्हणजे मालाची पावती, फाडायची हे माझं काम. नोकरीला लागलो तेव्हा माल तागाच्या पोत्यांत आणि लाकडी खोक्यांत यायचा, खोक्यांत गवत भरलेलं असायचं. निवृत्त झालो तेव्हा एकेक खोकं प्लास्टिकच्या पातळ पट्ट्यांनी असं गुंडाळलेलं असायचं की सोडवताना हमाल शिव्या द्यायचे. गोदामाच्या मागे त्याचे ढीग लागायचे आणि गाई त्यात तोंड घालायच्या. मला तेव्हा काही वाटायचं नाही. पोटापाण्याची जागा होती, तिथे डोळे वर करून कोण बघतो?

डोळे उघडले ते दोन वर्षांपूर्वी, पावसाळ्यात. अमरावती रोडला लागून आमचं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वसाहत आहे. तिथली नाली तुंबली आणि पाणी थेट स्वयंपाकघरात शिरलं. पाणी उतरल्यावर मी बांबू घेऊन नाली उपसायला गेलो, तर गाळ कमी आणि पन्न्याच जास्त. प्लास्टिकच्या पिशवीला आम्ही नागपूरकर पन्नी म्हणतो. त्या पन्न्यांवर आमच्याच कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचं नाव छापलेलं होतं. म्हणजे त्यातल्या निम्म्या माझ्याच घरून गेलेल्या असणार. त्या दिवसापासून मला पन्नीचं वेड लागलं. माझा स्वभाव मुळातच अर्धवट काही न करणारा, त्यामुळे वेडही पुरतंच लागलं.

कापडी पिशवीशिवाय मी घराबाहेर पडेनासा झालो. भाजीवाल्यांशी रोज भांडायचो. बाजारात मी दिसलो की एक भाजीवाली शेजारणीला ओरडून सांगायची, "काका आले वं, पन्न्या झाक!" आमच्याकडे तर्री-पोह्यांच्या टपरीवर गरम तर्री, म्हणजे पोह्यांवर घालायचा तिखट रस्सा, पन्नीत बांधून देतात, वर रबराची गाठ. मी स्टीलचा डबा घेऊन जायचो. टपरीवाला म्हणायचा, "काकाजी, तुमच्या डब्यात तर्री जास्त जाते न." मी म्हणायचो, "जाऊ दे, पुण्य लागन तुले." लग्नाला जाताना खिशात स्वतःचा पेला न्यायचो. बायको चारचौघांत हसून सांगायची, "घरात कोणी ऐकत नाही, म्हणून बाहेर भाषणं देत फिरतात." मलाही हसू यायचं. खरं सांगायचं तर मला ते सगळं फार आवडत होतं. निवृत्त माणसाला कोणी ओळखतं, त्याच्यावर विनोद करतं, एवढं पुरतं.

पण नको म्हणूनही पन्नी घरात येतेच. बिस्किटांची चकचकीत वेष्टनं, डाळींच्या पिशव्या, औषधांची पाकिटं, घरपोच सामानाची कव्हरं. मी ती सगळी धुऊन, पुसून जिन्याखालच्या पोत्यात भरत असे. कबाडी आला की बाटल्या, डबे घ्यायचा आणि पोत्याकडे बघून मान हलवायचा. "काका, या पातळाले कोणी घेत नाही." ओला आणि सुका कचरा वेगळा करून घंटागाडीत द्यायला गेलो, तर गाडीवरच्या माणसाने माझ्या डोळ्यांदेखत दोन्ही एकत्र केले. मी आवाज चढवला. तो शांतपणे म्हणाला, "काहून ओरडता काका? पुढं जाऊन एकच होते सगळं." मी पोतं घरी परत आणलं. त्या दिवशी जिद्दीने ठरवलं की यापुढे आमच्या घरातून एकही पन्नी बाहेर जाणार नाही. पोतं भरलं तर दुसरं पोतं. दुसरंही भरलं.

डिसेंबरात मुलगी पहिल्या बाळंतपणाला आमच्याकडे आली. जावई पुण्याला नोकरीत, सासर अमरावतीचं. नात झाली तेव्हा नागपुरात कडाक्याची थंडी. बाळासाठी येणारी प्रत्येक वस्तू प्लास्टिकमध्ये. एवढंसं टोपडं, तेसुद्धा दोन पिशव्यांत. मुलीने डायपर मागितले, तर मी चक्क नाही म्हणालो. एकदा वापरून फेकायचं आणि ते शेकडो वर्षं तसंच राहणार, हे भाषण मी ओल्या बाळंतिणीला दिलं. ती म्हणाली, "बाबा, रात्रीपुरते तरी आणा न." मी मऊ सुती लंगोटांचा गठ्ठा आणून दिला. ते धुण्याचं काम अर्थातच बायकोकडे आलं. गार पाण्याने तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या, त्या मला दिसत होत्या.

आमच्या अंगणात मोरीजवळ तांब्याचा बंब होता. घरात गिझर आहे, पण बाळंतिणीला आणि लेकराला बंबाचंच पाणी हवं, हा बायकोचा हट्ट. बंब मीच पेटवणार, हा माझा. गोदामातली मोडकी लाकडं मला अजून मिळतात, त्यांवर काम भागायचं. जानेवारीच्या सुरुवातीला एका सकाळी लाकूड दवाने ओलं झालेलं होतं. तीन काड्या वाया गेल्या. आत मुलगी खोळंबलेली, मालिश करणारी बाई येऊन बसलेली. जिन्याखालचं पोतं हाताशी होतं. बिस्किटाचं एक वेष्टन काढून मी लाकडाखाली सरकवलं. भक्कन पेटलं.

दुसऱ्या दिवशी मी ओल्या लाकडाची वाटही पाहिली नाही. पाणी लवकर तापत होतं, पोतं रिकामं होत होतं, पन्नी नालीत जात नव्हती. मला वाटलं, एका दगडात तीन पक्षी. साडेपाचला उठून, बाकीचे जागे व्हायच्या आत, मूठ-दोन मूठ पन्न्या मी बंबात घालायचो. वास यायचा, पण बंबाच्या नळीतून धूर वर जायचा आणि लाकडाचा वास त्यावर बसायचा. कोणाला सांगितलं नाही. चुकीचं असतं तर लपवलंच नसतं, असं मी स्वतःला समजावत होतो. किती उलटं समजावत होतो ते आज लिहिताना कळतंय.

सव्वीस जानेवारीला लेआउटच्या मैदानात झेंडावंदन झालं आणि त्यात माझा सत्कार ठेवलेला होता. प्लास्टिकमुक्त घर म्हणून. मी माइकवर सांगितलं, "आमच्या घरातून आठ महिन्यांत एक पन्नी बाहेर गेली नाही." वाक्य शब्दशः खरं होतं. टाळ्या वाजल्या. बायको पहिल्या रांगेत बसलेली होती, तीही वाजवत होती. मला शाल दिली ती प्लास्टिकच्या कव्हरात, गुच्छ दिला तो चकचकीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, आणि प्रशस्तिपत्रावरसुद्धा प्लास्टिक चढवलेलं. लोक हसले, मीही हसलो. दुसऱ्या दिवशी पहाटे कव्हर आणि गुच्छाचं प्लास्टिक मी बंबात घातलं. हिरवट जाळ झाला. मी थोडा वेळ बघत उभा राहिलो होतो, हे मला स्पष्ट आठवतं.

त्याच सकाळी आठच्या सुमारास मी अंगणात पेपर वाचत होतो. मालिश करणारी बाई मागच्या दाराने आली. हातात चिमटा आणि मातीची शेगडी. ती बंबापाशी बसली, खालचं दार उघडलं आणि चिमट्याने निखारे काढून शेगडीत भरायला लागली. बाळाच्या आंघोळीनंतर त्या निखाऱ्यांवर ओवा, लसणाची सालं, कडुलिंबाचा पाला टाकतात आणि त्या धुरावर बाळाला धरतात. त्याला धुरी म्हणतात. बाळाला सर्दी होत नाही, अंग भरतं, असं मानतात. आमच्या घरात प्रत्येक लेकराला ती दिलेली, मलाही दिलेली असणार. पण धुरीसाठी नेहमी शेणाच्या गोवऱ्या पेटवतात. मी विचारलं, "गोवऱ्या कुठं गेल्या?"

"सरल्या न काकाजी. आठ दिवस झाले, तुमच्या बंबातलाच इस्तो घेऊन राहिली मी," ती म्हणाली. "मस्त धगधगीत असते."

 आठ दिवस. मी उठून तिच्या हातून शेगडी काढून घ्यायला हवी होती. तोंड उघडायला हवं होतं. पण काय सांगायचं? कालच माइकवरून बोललेलं माझं वाक्य लेआउटभर फिरत होतं. मी विचार केला की आठपर्यंत प्लास्टिक जळून गेलेलं असतं, उरतो तो निव्वळ लाकडाचा निखारा. मग ठरवलं की उद्यापासून पन्नी बंद. आपणच बंद केली की झालं, कोणाला कळायची गरज काय? झाकली मूठ सव्वा लाखाची. बाई शेगडी घेऊन आत गेली, जिथे बायको बाळाला धुरावर धरायला बसलेली होती. दार ओढून घेतल्याचा आवाज आला, कारण धुरी देताना वारा लागू देत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून मी खरंच पन्नी घातली नाही. पण बंबाच्या जाळीला काळं, चिकट काहीतरी थरावर थर बसलेलं होतं, आणि त्यावर रोज लाकूड पेटत होतं. बायकोने राख काढताना ते पाहिलं. सळीने खरवडायला लागली, निघेना. मला हाक मारली. "अहो, हे काय चिकटून राहिलं इथं? डांबरावानी?"

"डांबरच असन," मी म्हणालो. "गोदामाच्या लाकडाले लागलेलं राह्यते."

तिने मान डोलावली. इतकी वर्षं संसार झाल्यावर बाई नवऱ्याच्या लाकडाची चौकशी करत नाही.

दोन दिवसांनी नातीला सर्दी झाली. आधी नाक चोंदलं, मग ती दूध ओढता ओढता मध्येच सोडून द्यायला लागली. सगळे म्हणाले, थंडी आहे, होते. मी दुपारी तिच्या पाळण्याजवळ बसलो होतो आणि मला तो आवाज ऐकू आला. श्वास आत जाताना बारीक चिरकत होता आणि तिच्या बरगड्यांखाली प्रत्येक वेळी खळगा पडत होता. मी मोजायला लागलो. आकडा हातातून निसटत होता, इतका श्वास भरभर चालला होता.  

संध्याकाळी मालिशवाल्या बाईला पुन्हा बोलावलं. तिने पोटावर हात ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "कफ हाय माय. आज दोन डाव धुरी द्या लागन."

"आज धुरी नको," मी दारातून म्हणालो.

बायकोने वळून पाहिलं. "काहून?"

हाच तो क्षण होता. मुलगी माझ्याकडे बघत होती. मांडीवर पोर, चेहरा झोपेवाचून उतरलेला. मला वाटलं, आत्ता सांगितलं तर ही या घरात पुन्हा कधीच... आणि पुढचा विचार मी केलाच नाही. मी म्हणालो, "असंच. धूर लय होते खोलीत."

"काकाजी, बायकाईच्या कामात तुमी नोका पडू," बाई हसून म्हणाली. बायकोही म्हणाली, "तुम्हाले काय समजते त्यातलं?" मी बाहेर येऊन बसलो. त्या संध्याकाळी बंब खास पेटवला गेला. पेटवला मीच. जाळी खरवडून पाहिली, नखं काळी झाली, थर काही निघाला नाही. धुरी दोनदा दिली गेली. मी अंगणात चकरा मारत राहिलो आणि आतून खोकला ऐकू आला की थांबत राहिलो.

सकाळी नातीचे ओठ काळसर दिसले, अंगही तापलेलं होतं. ऑटोने आम्ही रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात पोचलो. तिला आत घेतलं, नाकाला ऑक्सिजनची नळी लावली. डॉक्टर तरुण बाई होत्या. त्यांनी भराभर प्रश्न विचारले. घरात कोणी सिगारेट ओढतं का? चूल आहे का? धुरी देता का?

बायको म्हणाली, "देतो न. रोज देतो. घरचंच आहे सगळं, ओवा, लसूण, पाला."

"निखारे कशाचे?"

"लाकडाचे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. एवढ्याशा बाळाची फुप्फुसं किती नाजूक असतात, कसलाच धूर चालत नाही, धुरी हा प्रकार आधी बंद करा, असं त्या बायकोला सुनावत गेल्या. शब्द कडक होते. बायको हात जोडल्यासारखी उभी होती. मी तिच्या मागे, भिंतीला टेकून. 

मग तीन दिवस. मुलगी आत, बाळाजवळ. आम्ही दोघं बाहेर, लोखंडी खुर्च्यांवर. जावई पुण्याहून आले. बायकोला नमस्कार केला, पण नंतर तिच्याकडे पाहून बोलले नाहीत. अमरावतीहून विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता: "तुमच्या भरवशावर सून पाठवली होती, आणि तुम्ही लेकराले धुरानं कोंडलं?" बायको "हो" म्हणाली, "चुकलं" म्हणाली, आणि फोन बंद झाल्यावरही कानाला तसाच धरून बसली.

ती जेवेना. जेवणाचा डबा तसाच परत जायचा. मधूनच आपले तळहात उलटेसुलटे करून पाहायची आणि म्हणायची, "याच हातानं धरलं होतं मी तिले धुरावर." मी म्हणायचो, "नको असं म्हणू." याहून जास्त काही म्हणायचो नाही. समोरच्या टपरीवरून तिच्यासाठी चहा आणायचो. माझा स्टीलचा डबा घरी राहिलेला होता, म्हणून चहा पन्नीत. गरम, रबर लावलेला. तीन दिवसांत किती वेळा आणला असेल, कोणालाच त्यात वेगळं काही वाटलं नाही, मलाही नाही. प्लास्टिकमुक्त घराचा मालक पन्नी तोंडाने फोडून कपात चहा ओतत होता आणि त्याचं सगळं लक्ष आतल्या दाराकडे होतं.

मी देवाशी सौदे करत होतो. उद्या बरी झाली तर सांगेन. मग: बरीच झाली तर सांगायचं कशाला? हा दुसरा विचार आला तेव्हा मला स्वतःची किळस आली. पण सांगितलं नाहीच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टर बाहेर आल्या. ताप उतरलाय, पण श्वास अजून हवा तसा सुधारत नाही, म्हणाल्या. "पुन्हा एकदा आठवून बघा. घरात आणखी काही? रंगकाम, औषधफवारणी, काही जाळलं?" बायको आठवायला लागली. डोळे मिटून, बोटांवर, एकेक दिवस. तिला सापडणार नव्हतं. ती ज्या कपाटात शोधत होती त्याची किल्ली माझ्या खिशात होती.

डॉक्टर निघाल्या तसा मी त्यांच्या मागे गेलो. जिन्याजवळ गाठलं. म्हणालो, "मॅडम, बंबात मी पन्न्या जाळत होतो. त्यातलेच निखारे धुरीला जात होते."

त्या थांबल्या. किती दिवस? कसलं प्लास्टिक? बंद कधी केलं? मी सगळं सांगितलं, जाळीवरच्या थरासकट. त्यांनी उभ्या उभ्या कागदावर लिहून घेतलं. ओरडल्या नाहीत. "यानंच झालं असं मी सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "साधी सर्दी असेल, लाकडाचा धूर असेल, हे असेल, सगळं मिळून असेल. पण प्लास्टिकचा धूर विषारी असतो. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. घरच्यांना माहीत आहे?"

"नाही."

"बाळाच्या आईला मी सांगणारच. तुम्ही आधी सांगितलं तर बरं."

त्यांनी मला दहा मिनिटं दिली, असं समजा. मी आत गेलो. बायकोलाही आत बोलावलं. जावई खिडकीशी उभे होते. मुलगी पलंगाच्या कडेला बसून वाटीत दूध काढत होती, कारण पोर अजून ओढत नव्हती. मी उभ्यानेच सांगितलं. एकदा सुरू झाल्यावर सगळं भडाभडा निघालं: पोतं, बंब, सत्काराचं प्लास्टिक, बाईच्या चिमट्यातले निखारे.

मुलीने वाटी बाजूला ठेवली.  मग म्हणाली, "आईनं तुम्हाले विचारलं होतं न, जाळीले ते काळं काय लागलं म्हणून? ती मले सांगत होती."

"हो."

"मग तुम्ही काय सांगतलं?"

मला वाटलं होतं ती रडेल, ओरडेल. ती नुसती वाट बघत होती. "डांबर म्हणालो," मी म्हणालो. घरच्या तिघांसमोर तो शब्द उच्चारणं माइकवर बोलण्यापेक्षा फार कठीण होतं.

"आणि तीन दिवस सगळे आईले बोलून राहिले," ती म्हणाली. तिने मोबाइल उचलला, नंबर लावला आणि माझ्यापुढे धरला. "माझ्या सासूबाई आहेत. त्यांनाही सांगा. आत्ताच."

मी सांगितलं. विहीणबाई, धुरी हिनं दिली, पण विस्तवात पन्नी मी टाकली होती, आणि हिला ते माहीत नव्हतं.  मग त्या म्हणाल्या, "तुमच्या मिसेसले फोन द्या." आवाज पूर्वीसारखा नव्हता. मी फोन बायकोकडे केला. तिने हात पुढे केला नाही. भिंतीकडे तोंड करून ती पदराने हात पुसत होती, कोरडेच हात.

दुसऱ्या दिवसापासून नात सुधारायला लागली. औषधाने म्हणा, वेळेने म्हणा, तिच्या स्वतःच्या जोराने म्हणा. ऑक्सिजनची नळी काढली, आणि ती दूध ओढायला लागली तेव्हा मुलगी हसली, त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा. सातव्या दिवशी सुटी मिळाली. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता ठीक आहे, पण वर्ष-दोन वर्षं छातीकडे लक्ष ठेवा, जरा खोकली तरी आणा. हे 'लक्ष ठेवा' मी रोज मनात घोकतो.

मुलगी आमच्या घरी आली नाही. हॉस्पिटलच्या दारातूनच सरळ अमरावतीला निघाली. भांडण नाही, काही नाही. पाया पडली, आईच्या गळ्यात पडली. गाडीत बसल्यावर जावयांनी विचारलं, लंगोटांचा गठ्ठा कुठं ठेवू, तर ती म्हणाली, "राहू द्या इथंच. डायपर घेतले मी." गठ्ठा माझ्या हातात आला.

गाडी वळून दिसेनाशी झाली. मी सगळं सांगितलं त्या संध्याकाळपासून बायको माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. मी ऑटो थांबवायला हात वर केला. तेव्हा ती रस्त्याकडे बघतच म्हणाली, "तीन दिवस मी समजून राहिली होती की मी माझ्या हातानं नात मारून राहिली. आणि तुम्ही माझ्या बाजूच्या खुर्चीवर बसून होते."